चार व्यवस्थापक आणि मी

सोमवार, ६ जानेवारी

आज शेठनी मला चार माणसांना मॅनेजर करायला सांगितलं, आणि तेही संध्याकाळच्या आत.

झालं असं, की धनेशशेठ काल कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाला वाशीला गेले होते. तिथे पंगतीत शेजारी एक कामगार सल्लागार बसला होता. त्याने जेवता जेवता सांगितलं, की ओव्हरटाइम साध्या कर्मचाऱ्याला द्यावा लागतो, मॅनेजरला नाही. शेठ सकाळी यार्डात आले ते हसतच.

"आरं हरेश्वर, इतकी वर्षं आपून येड्यासारकं डबल रेटनी पैसं वाटतंव. सगल्याना मॅनेजर करून टाक. खर्च काय? चार लेटरहेड."

"सगळ्यांना म्हणजे?"

"हापिसातल्या. ड्रायवर न् लोडर ठेकेदाराचं, त्याना सोड. नामा, हेमाली, प्रीतम न् मैनाबाय."

बंदरातून आलेले कंटेनर पुढे जाईपर्यंत ठेवायची जागा म्हणजे आमचं यार्ड. नामा काट्यावर असतो, म्हणजे ट्रेलरचं वजन घेतो. हेमाली कागदपत्रं करते, प्रीतम गाड्या लावतो आणि मैनाबाई चहा आणि झाडलोट बघतात. बोट उशिरा लागली की चौघंही उशिरापर्यंत थांबतात आणि त्याचे पैसे घेतात. थांबतो मीही, पण मी व्यवस्थापक (प्रशासन) असल्यामुळे माझा प्रश्न येत नाही.

घरी येऊन कायदा काढून वाचला. सूट आहे हे खरं. गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या स्वरूपाचं काम करणाऱ्यांना ती लागू होते. पण त्यांच्या नावांची यादी दर्शनी जागी लावायची आणि प्रत सरकारी अधिकाऱ्याला पाठवायची. खाली सही माझी. वरील व्यक्ती प्रत्यक्षात या स्वरूपाचं काम करतात, असं मी लिहून द्यायचं. मी आजवर एकाही खोट्या ओळीखाली सही केलेली नाही. मैनाबाई व्यवस्थापक आहेत असं कसं लिहू?

रचना शाळेच्या वह्या तपासत होती. तिला विचारलं.

"नका करू सही."

"आणि नोकरी गेली तर? सेहेचाळिसाव्या वर्षी दुसरं यार्ड मला घेईल का?"

"मग करा."

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका असली की घरी उत्तरं मोजकीच मिळतात.

मंगळवार, ७ जानेवारी

शेठना सांगितलं की दोन दिवस द्या, कागद पक्के करतो. कायद्याच्या पुस्तकातले निकाल वाचले. कोर्ट पदाचं नाव बघतच नाही. हाताखाली माणूस आहे का, रजा देता येते का, कुणाला न विचारता खर्च करता येतो का, हे बघतं. मला हे फार योग्य वाटलं. म्हणून चौघांना एकेक करून बोलावलं.

"नामा, तुमच्या हाताखाली कोण?"

"काटा."

"माणूस?"

"मानूस कंचा? उलटा मीच काट्याच्या हाताखाली हाय. तो बंद पडला का मी बसून."

"कधी कोणाला रजा दिलीय?"

नामाने बराच विचार केला. "येकदा येका ट्रेलरवाल्याला बोललो, उद्या ये."

प्रीतमचं म्हणणं, त्याच्या हाताखाली सगळे ट्रेलर आहेत, पण त्यातला एकही ऐकत नाही. हेमालीने मलाच विचारलं, "सर, हा इंटरव्ह्यू आहे का? मी केस तरी विंचरून आले असते."

मैनाबाईंना विचारलं, न विचारता काही खर्च करता का?

"साखर सपली का मीच आनते ना भाऊ. शेठला इचारलं तर तो बोलंल गूल वापर."

म्हणजे चौघांत व्यवस्थापकाच्या सगळ्यांत जवळ मैनाबाई. हे मी अपेक्षिलं नव्हतं.

दुपारी शेठकडे कागदाच्या रिमची परवानगी मागायला गेलो. या महिन्यात पाठकोरे वापर म्हणाले. सतरा तारखेला लवकर निघण्याबद्दलही विचारलं. रचनाच्या शाळेचं स्नेहसंमेलन आहे आणि नाटुकलं तिने बसवलंय. "बघू" म्हणाले.

गुरुवार, ९ जानेवारी

सकाळी दाढी करताना सुचलं. विधान खोटं असेल तर विधान बदलायची गरज नाही. वस्तुस्थिती बदलली की विधान आपोआप खरं होतं!

चौघांनाही खरे अधिकार द्यायचे. प्रत्येकाच्या हाताखाली एक माणूस, त्याला कामावर ठेवण्याचा, घरी सोडण्याचा आणि रजा देण्याचा पूर्ण अधिकार. पण माणसं चारच, मग हाताखाली कोण? बराच वेळ आडवं-उभं मांडून पाहिलं, शेवटी गोल काढला. नामाच्या हाताखाली हेमाली, हेमालीच्या हाताखाली प्रीतम, प्रीतमच्या हाताखाली मैनाबाई आणि मैनाबाईंच्या हाताखाली नामा. कोणीही साहेबाविना नाही, कोणीही माणसाविना नाही. कुणावर अन्याय होत नाही.

माझ्या हाताखाली मात्र कोणी उरत नाही. पण माझं पद जुनं आहे.

शेठना समजावून सांगायला गेलो. ते फोनवर होते.

"पावर? दे की. पावरला काय जीएसटी लागतो?"

न वाचता चारही नेमणूकपत्रांवर सही केली. मी त्यांना वाचून घ्या असं दोनदा म्हटलं, हे इथे नोंदवून ठेवतो.

रविवार, १२ जानेवारी

भाजीला बाहेर पडलो तर नाक्यावर ओळीने चार फ्लेक्स. पहिल्यावर नामा, काळा चष्मा, गळ्यात साखळी. साखळी त्याच्या मेहुण्याची असावी. "व्यवस्थापकपदी निवड झाल्याबद्दल मा. श्री. नामाशेठ यांचे हार्दिक अभिनंदन!" खाली शुभेच्छुकांचे बारीक बारीक चेहरे, सगळे हात जोडून. वरच्या कोपऱ्यात सर्वांत मोठा चेहरा धनेशशेठचा, "मार्गदर्शक व आधारस्तंभ".

मैनाबाईंच्या फ्लेक्सवर "खानपान व्यवस्थापक" असं आहे आणि मागे ताजमहाल. का, ते कळलं नाही.

रचना म्हणाली, "तुमचा नाही लागला कुठे?" मी म्हटलं, माझी निवड आत्ताची थोडीच आहे.

मंगळवार, १४ जानेवारी

यादी लावली. एकूण पाच नावं. पहिलं माझं, कारण सेवाज्येष्ठता, मग चौघं. सही करण्याआधी प्रत्येक ओळ पुन्हा वाचली. नामा, खरं. हेमाली, खरं. प्रीतम, खरं. मैनाबाई, आता खरं. समाधानाने सही केली. मग सगळ्यांना तिळगूळ वाटला.

हेमाली खूश आहे. तिच्या सासरी पेढे वाटले म्हणे.

"पण सर, एक डाउट. मॅनेजर झाले म्हणजे पगार वाढतो ना?"

"नाही."

"ओव्हरटाइम?"

"तो आता नाही मिळणार."

"मग वाढलं काय?"

"अधिकार."

"म्हणजे मी प्रीतमला सांगू शकते की घरी जा?"

"तत्त्वतः हो."

"तत्त्वतः म्हणजे हो ना?"

मी हो म्हटलं. आणखी काय म्हणणार?

शुक्रवार, १७ जानेवारी

फार दमलोय, पण आजचं लिहायलाच हवं.

शेठ पनवेलला होते. मी पाचला निघणार होतो. संमेलन साडेसहाला. पाचला पाच मिनिटं असताना नामा ऑफिसात आला. इस्त्रीचा शर्ट, अत्तराचा वास. त्याच्या गावात आज टेनिस क्रिकेटचे सामने सुरू होतात आणि व्यवस्थापक म्हणून उद्घाटनाला त्याला बोलावलं होतं. शाल, श्रीफळ आणि पहिला चेंडू.

"मैनावैनी, मना जायाचं हाय."

मैनाबाई कप विसळत होत्या. त्यांनी हात पुसले आणि मी ठरवून दिल्याप्रमाणे रजेची चिठ्ठी लिहिली. "जा. पन तुजी ती हेमाली हाय ना, तिला पन सोड. तिचा पोर कनकनतंय सकालपासून."

"व्हय, व्हय." नामाने लगेच हेमालीची चिठ्ठी लिहिली. हेमालीने पर्स उचलता उचलता प्रीतमची लिहिली, कारण तो संघात सलामीला आहे. प्रीतम दारातून परत आला आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही एकट्या काय करणार इथं?" आणि चौथी चिठ्ठी झाली.

माझ्या टेबलावर चार चिठ्ठ्या. चारही नियमानुसार. मी प्रत्येक तपासली. एकीतही चूक सापडली नाही.

बाहेर ट्रेलरची रांग. बोट आजच लागली होती. शेवटी काट्यावर मी बसलो. काटा मला येत नाही असं नाही, पण पहिल्याच गाडीला वजन जास्त आलं. ती गेल्यावर लक्षात आलं, की आकडा घेताना मीच प्लॅटफॉर्मवर उभा होतो. माझं वजन त्या गिऱ्हाइकाच्या मालात लागलं. ट्रेलरमागे धावत गेलो, फाट्याच्या अलीकडे रांगेत सापडला.

ड्रायव्हर म्हणाला, "साहब, अस्सी किलो के लिए कोई दौड़ता है क्या?"

मी म्हटलं, "बहात्तर."

घरी आलो तेव्हा रचना संमेलनाची साडी बदलून बसली होती. काय झालं ते सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं.

"चौघांना घरी सोडायला साहेब मिळाले. तुमचा साहेब कोण?"

"मी स्वतःच व्यवस्थापक आहे, रचना."

ती उठून आत गेली. नाटुकलं चांगलं झालं का, हे विचारायचं राहून गेलं.

शनिवार, १८ जानेवारी

शेठ सकाळी लवकर आले. रांग फाट्यापर्यंत गेल्याचं त्यांना तीन पार्ट्यांनी फोन करून सांगितलं होतं.

"नामाला कोनी सोडलं?"

"मैनाबाईंनी."

"तिला कोनी सोडलं?"

"प्रीतमने."

"त्याला?"

"हेमालीने."

"न् तिला?"

"नामाने."

शेठ बोटं मोजत राहिले. "म्हंजे यांच्यात वरचा कोन?"

मी आराखडा पुढे केला. "वरचा असा कोणी नाही, शेठ. गोल आहे."

"हा गोल कोनी काडला?"

"मी. नेमणूकपत्रांवर सही तुमची आहे."

त्यांनी पाणी मागितलं. मैनाबाई म्हणाल्या, पानी द्यायचं काम आता माजं नाय, पन देते.

सोमवार, २० जानेवारी

शेठनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, आजपासून काम संपल्याशिवाय कोणी जायचं नाही. नामा घसा खाकरून पुढे आला.

"शेठ, येक बोलू? हेमाली माज्या हाताखाली. तिला तुमी मना टालून डायरेक सांगितलाव तर माजी काय इज्जत रायली? नाक्यावर फोटो हाय माजा. तुमचा पन हाय वरती, मार्गदर्शक."

शेठ आणि नामा एकाच गावचे, भावकीतले. गावदेवीच्या पालखीला नामा पुढे असतो. शेठनी एकदा त्याच्याकडे आणि एकदा खिडकीतून नाक्याच्या दिशेने बघितलं आणि "पोरं लय शिकली" असं काहीतरी पुटपुटत केबिनमध्ये गेले. नामा चोपन्न वर्षांचा आहे.

सहाला चार चिठ्ठ्या आल्या. काट्यावर मी. आता प्लॅटफॉर्मच्या बाहेर उभा राहतो.

मला एक गोष्ट टोचते आहे. शेठना ओव्हरटाइम द्यायचा नव्हता. आता कुणी ओव्हरटाइम करतच नाही, म्हणजे त्यांची इच्छा तंतोतंत पुरी झाली. तरी ते नाराज आहेत. माझं कुठे चुकलं?

बुधवार, २२ जानेवारी

आज कामगार खात्याचे एक अधिकारी आले. तपासणीला नव्हे. नाक्यावर मिसळ खायला थांबले होते, फ्लेक्स वाचले आणि एका यार्डात एवढे व्यवस्थापक कसे, हे बघायला आत आले. तरुण आहेत, अत्यंत सभ्य.

त्यांनी यादी वाचली. "खानपान व्यवस्थापक कोण?"

"मी," मैनाबाई म्हणाल्या. "नामा, सायबाना खुर्ची दे."

नामाने खुर्ची दिली.

"तुम्ही काट्यावर ना? तुम्ही कुणाला रजा देता?"

"हेमाली म्याडमना. पैल्यांदा आठवड्यातून येकदा देनार व्हतो, आता रोज सहाला देतंय."

"आणि खरंच जातात त्या?"

"सर, एकदम टायमावर," हेमाली म्हणाली.

अधिकाऱ्यांनी आराखडा फिरवून फिरवून पाहिला. मग म्हणाले, "या चौघांचं मी वरिष्ठांना विचारून कळवतो. असा गोल मी अजून पाहिलेला नाही. कागदावर हे पटत नाही, पण अधिकार तर खरेच वापरतायत." टिपण करायला त्यांनी कागद मागितला. मी पाठकोरा दिला.

"कोरा नाही?"

"त्याला शेठना विचारावं लागेल."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"आपलं पद?"

"व्यवस्थापक, प्रशासन."

"हाताखाली कोण?"

"सध्या... सगळ्यांना माणसं देऊन झाल्यावर कोणी उरलं नाही."

"आधी?"

मी आठवून पाहिलं. आधीही रजा शेठच देत.

"आपल्याला रजा?"

"शेठ बघू म्हणतात."

"सहानंतर इथे कोण थांबतं?"

यावर चौघांनी एकदम माझ्याकडे बोट दाखवलं. तसं करायची काही गरज नव्हती.

"बाकीच्यांचं मी कळवीन," ते उठता उठता म्हणाले. "पण यातला एक माणूस या यादीत बसत नाही, हे मी आत्ताच सांगू शकतो." चहा चांगला होता म्हणाले आणि गेले.

गुरुवार, २३ जानेवारी

झोप नीट लागली नाही. पहाटे उठून मी चौघांना विचारलेले प्रश्न स्वतःला विचारले. प्रामाणिकपणे उत्तरं दिली. मैनाबाईंना साखरेचा तरी अधिकार होता.

म्हणजे त्या यादीत एकच ओळ खोटी होती आणि ती पहिली होती. चार ओळी खऱ्या करण्यासाठी मी एवढी खटपट केली आणि स्वतःची वाचलीदेखील नाही. खाली सही माझीच.

रचनाला सांगितलं. ती पोहे परतत होती. प्रथम खांदे हलायला लागले, मग तिला झारा खाली ठेवावा लागला.

"हसतेस काय? मी खोटी सही केली."

"अहो, मला हे लग्नापासून माहीत आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. तुमचा साहेब कोण म्हणून विचारलं, तर तुम्ही पद सांगितलंत."

ऑफिसात गेल्या गेल्या यादीतलं माझं नाव खोडलं, बाजूला आद्याक्षरं आणि तारीख. आता मी साधा कर्मचारी झालो. म्हणजे या आठवड्यात काट्यावर जास्त थांबलो त्याची नोंद व्हायला हवी, आणि ती व्यवस्थापकाने प्रमाणित करायला हवी. काट्याचे व्यवस्थापक नामा. त्याच्याकडे अर्ज घेऊन गेलो. त्याने चष्मा लावून वाचला.

"हरेश्वरभाऊ, तुमाला थांबाया मी सांगितला व्हता काय?"

"नाही."

"मग? सायबाला न इचारता जास्त येल बसायचा नाय. आज सोडतंय, परत असा करू नका."

आक्षेप बिनतोड होता. नामा या पदाला शोभतो, असं मला प्रथमच वाटलं. बरोबर सहाला त्याने मलाही चिठ्ठी दिली. मी घरी आलो तेव्हा अजून उजेड होता. रचनाने दार उघडलं आणि घाबरून विचारलं, "काढलं का?"

यार्डात मागे कोणीच नव्हतं.

शनिवार, २५ जानेवारी

गुरुवारी सहानंतर काटा शेठनी स्वतः चालवला. शुक्रवारीही. शुक्रवारी एका ड्रायव्हरने त्यांना "ए काटेवाले" म्हणून हाक मारली म्हणे.

आज त्यांनी सगळ्यांना केबिनमध्ये बसवलं आणि मैनाबाईंना बसूनच राहायला सांगून चहा बाहेरून मागवला. तो कोणाला आवडला नाही. मग म्हणाले, "जुना व्हता तसा करा. थांबंल त्याला डबल रेट. पावर परत."

"न् फ्लेक्स?" नामाने विचारलं. "गावात तोंड कसा दाखवू? पुडच्या रविवारी फायनलला बक्षीस माज्या हातानी हाय."

"फ्लेक्स राहू दे. बाहेर तू मॅनेजर, आत काट्यावर."

"शेठ, मी प्रीतमला घरी पाठवायची पॉवर ठेवू का? फक्त तेवढीच?" हेमाली म्हणाली. प्रीतमने हात जोडले.

मला कोणी काही विचारलं नाही. मी उठून म्हटलं, "शेठ, माझ्या बाबतीतही जुनं होतं तसं करता येणार नाही. जुनं चूक होतं." आवाज जरा जास्तच मोठा निघाला असावा, कारण बाहेरचा चहावाला पोरगा आत डोकावला.

शेठ म्हणाले, "तुजं सोमवारी बघू."

मागच्या वर्षांचं काय, हे मी विचारलं नाही. विचारावं का, याचा निर्णय अजून होत नाही. आपल्याच अज्ञानाचे पैसे दुसऱ्याकडे मागणं योग्य आहे का? रचना म्हणते, आहे.

सोमवार, २७ जानेवारी

नवी यादी लावली. कायद्यात यादी लावा असं म्हटलंय, यादीत कोणी नसेल तर लावू नका असं कुठेही म्हटलेलं नाही. म्हणून वर शीर्षक लिहिलं, "सूटपात्र कर्मचाऱ्यांची यादी", आणि खाली एकच शब्द, "निरंक". पुन्हा पुन्हा वाचलं. एकही ओळ खोटी नाही. सही शेठची घेतली. मी आता अशा कागदावर सही करू शकतो की नाही, याबद्दल मला शंका आहे.

दिवस नेहमीसारखा गेला. बोट संध्याकाळी लागली. नामा, प्रीतम आणि हेमाली थांबले, वेळ लिहून. मैनाबाई दोनदा चहा करून गेल्या.

सहाला मी डबा पिशवीत ठेवत होतो तेव्हा शेठ केबिनच्या दारात आले.

"हरेश्वर, जरा थांब रे. ते वाशीवाल्या पार्टीचे कागद बगायचं हाईत. तास-दीड तास."

"थांबतो, शेठ," मी म्हटलं आणि पिशवी खाली ठेवली. मग खुलासा करून घेतलेला बरा म्हणून विचारलं, "आत्तापासून वेळ लिहू, की तुम्ही कागद आणल्यापासून?"

शेठनी दाराची चौकट धरली. रक्तदाबाची गोळी विसरले असावेत, हल्ली धावपळ फार होते त्यांची.

"जा घरी," ते म्हणाले. "सकाली बगू."

गोळीची आठवण करून दिली आणि निघालो.